पाहणारे मूल

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्ण महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा अनेक वक्ते घेतील. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र असा एक जीव आहे, की ज्याला या जगात येऊन पन्नास आठवडेही झालेले नाहीत. त्याला बोलता येत नाही, चालता येत नाही, कोणी शिकवू लागले तर ते ऐकून घेण्याचे त्याचे वय नाही. तरीही समोरचा माणूस काय करीत आहे आणि कशासाठी करीत आहे, हे त्याला हळूहळू उमगू लागते. ते कसे, हा आजचा प्रश्न.

डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावात, भाताची झोडणी आटोपल्यानंतरच्या दिवसांत, एखाद्या वारली पाड्यावर सकाळी जाणाऱ्यास जे दृश्य सहज दिसते, तेथूनच आरंभ करणे सोयीचे होईल. शेणाने सारवलेले अंगण, कुडाची भिंत, भिंतीपाशी बसून सुपाने तांदूळ पाखडणारी स्त्री, आणि तिच्या शेजारी, बहुधा थोरल्या बहिणीच्या कडेवर, आठ-दहा महिन्यांचे मूल. त्या मुलाच्या हाती खेळणे नसते. त्याच्याशी कोणी मुद्दाम बोलतही नसते. पाहुणा म्हणतो, ‘पोर शांत आहे हो.’ परंतु त्या मुलाच्या डोळ्यांकडे क्षणभर निरखून पाहिले, तर निराळेच काही आढळते. आईचा हात टोपलीकडे वळतो न वळतो, तोच मुलाची नजर टोपलीवर पोहोचलेली असते. हात मागाहून येतो, नजर आधी जाते.

ही नजर हाताच्या पुढे धावते याचा अर्थ काय? जे घडते आहे तेवढेच मूल पाहत असते, तर नजर हाताच्या मागोमाग गेली असती. ती पुढे जाते, त्याअर्थी हाताला कोठे जावयाचे आहे हे मुलाने ताडलेले आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २००६ साली हीच गोष्ट यंत्राच्या साहाय्याने मोजली. डोळ्याची बुबुळे कोठे स्थिरावतात याची नोंद घेणाऱ्या उपकरणासमोर सहा महिन्यांची आणि बारा महिन्यांची मुले बसविण्यात आली आणि एक माणूस चेंडू उचलून बादलीत टाकीत असल्याचे चित्र त्यांना दाखविण्यात आले. बारा महिन्यांच्या मुलांची नजर मोठ्या माणसांप्रमाणेच हाताआधी बादलीवर जाऊन थांबली. सहा महिन्यांच्या मुलांची नजर मात्र हाताबरोबर रेंगाळत राहिली. आणखी एक बाब अशी, की चेंडू कोणाचाही हात न लागता आपोआप बादलीकडे सरकत असल्याचे दाखविले, तेव्हा वर्षाच्या मुलांची नजरही पुढे धावली नाही. माणसाचे कृत्य आणि नुसती हालचाल यांतील भेद वर्षाच्या आतच मुलाला कळू लागतो, असे यावरून दिसते.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास फार जुना नाही. स्वित्झर्लंडचे थोर बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या स्वतःच्या तीन अपत्यांच्या बाळपणाच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्यांतील एक नोंद प्रसिद्ध आहे. त्यांची कन्या जॅकलिन सोळा महिन्यांची असताना तिच्याकडे खेळावयास आलेल्या एका लहान मुलाने कठड्याच्या पाळण्यातून बाहेर येण्यासाठी थयथयाट केला. जॅकलिन स्तब्ध उभी राहून पाहत होती. तिने असा प्रकार पूर्वी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने त्याच कठड्यात उभी राहून, हळूहळू पाय आपटीत, अगदी तसाच थयथयाट करून दाखविला! पाहिलेले मनात साठवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढण्याची ही शक्ती दीड वर्षाच्या आसपास येते, असे पियाजे यांचे मत होते. पुढे १९८८ साली अमेरिकेतील अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी नऊ महिन्यांच्या बालकांतही ती आढळते, असे दाखविले. केवळ पाहिलेली, स्वतः न केलेली कृती या बालकांनी चोवीस तासांनंतर करून दाखविली. घरात ‘त्याला काय कळते अजून’ असे म्हणून ज्याच्यासमोर भांडण केले जाते, ते मूल साधारण याच वयाचे असते.

याच मेल्टझॉफ यांनी १९७७ साली कीथ मूर यांच्या समवेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, त्याने मोठीच खळबळ उडाली. दोन-तीन आठवड्यांच्या बालकासमोर जीभ बाहेर काढली तर तेही जीभ बाहेर काढते, तोंड उघडले तर तोंड उघडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आरशात स्वतःचे तोंड कधीही न पाहिलेल्या जिवाला दुसऱ्याची जीभ आणि स्वतःची जीभ यांचे नाते कसे कळावे? पाठ्यपुस्तकांतून हा प्रयोग वर्षानुवर्षे छापला गेला. तथापि २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शंभरांहून अधिक बालकांची पहिल्या नऊ आठवड्यांत चार वेळा तपासणी केली, तेव्हा असे अनुकरण त्यांना आढळले नाही. बालके जीभ काढीत होती, पण ती समोरच्याने जीभ काढली तरी आणि निराळे काही केले तरीही. हा वाद अद्याप मिटलेला नाही. जन्मतःच मूल अनुकरण जाणते, असे ठामपणे सांगणाऱ्या लेखांकडे म्हणून थोडे सावधपणे पाहावे.

तीच गोष्ट ‘आरसा-पेशी’ या शब्दाची. इटलीतील पार्मा विद्यापीठात ज्याकोमो रिझोलात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९० च्या दशकाच्या प्रारंभी माकडाच्या मेंदूत अशा काही पेशी आढळल्या, की ज्या माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी आणि दुसऱ्याला ती उचलताना नुसते पाहिले तरीही चेतविल्या जातात. शोध खराच महत्त्वाचा आहे. करणे आणि पाहणे यांची मेंदूत कोठेतरी गाठ पडते, एवढे त्यातून निःसंशय कळले. परंतु त्यानंतर वृत्तपत्रांनी आणि व्याख्यात्यांनी करुणेपासून भाषेपर्यंत सारेच या पेशींच्या खात्यावर जमा करून टाकले. तेवढा भार त्या पेशींना पेलवेल असा पुरावा नाही.

मग निश्चित असे काय हाती आहे? येथे अमेरिकेतील अमांडा वुडवर्ड यांचा १९९८ चा प्रयोग थोड्या विस्ताराने सांगितला पाहिजे. त्याची रचना इतकी साधी आहे, की ऐकणाऱ्या आजीलाही तो लगेच कळावा. बोलता न येणाऱ्या बालकाला प्रश्न विचारावयाचा कसा? तर त्याच्या कंटाळ्याचा उपयोग करावयाचा. तीच ती गोष्ट पुनःपुन्हा पाहून मूल कंटाळते आणि नजर काढून घेते. काही नवे घडले की पुन्हा टक लावून पाहते. वुडवर्ड यांनी मुलांसमोर दोन खेळणी ठेवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. पडद्याआडून एक हात येई आणि दर वेळी त्यांतील एकच खेळणे धरी. मूल कंटाळले, की खेळण्यांच्या जागांची अदलाबदल केली जाई. आता हाताने पूर्वीचेच खेळणे धरले तर त्याला नव्या दिशेने जावे लागे, आणि पूर्वीच्याच दिशेने गेला तर त्याला दुसरे खेळणे धरावे लागे. मुलाला यांतील नवे काय वाटेल? सहा आणि नऊ महिन्यांच्या मुलांना दिशा बदललेली विशेष वाटली नाही. खेळणे बदलले, तेव्हा त्यांनी अधिक वेळ टक लावून पाहिले. म्हणजे हात कोणत्या वाटेने गेला हे त्यांच्या लेखी गौण होते, हाताला काय हवे होते हे मुख्य होते. हाताऐवजी एक काठी पुढे सरकविली, तेव्हा मात्र हा फरक दिसला नाही.

यापुढचा टप्पा पालकांच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा आहे. तीन महिन्यांच्या बालकाला वस्तू नीट धरता येत नाही आणि दुसऱ्याच्या हाताचा हेतूही कळत नाही. या दोहोंचा काही संबंध असेल काय? २००५ साली जेसिका सॉमरव्हिल, वुडवर्ड आणि एमी नीडहॅम यांनी तीन महिन्यांच्या बालकांच्या हातांत चिकटपट्टीचे मोजे घातले. त्या मोज्याचा स्पर्श होताच खेळणे हाताला चिकटे आणि बालकाला ते आपण ‘उचलल्याचा’ अनुभव येई. अवघी काही मिनिटे हा खेळ खेळलेल्या बालकांना त्यानंतर दुसऱ्याच्या हाताचा हेतू उमगला. ज्यांनी आधी पाहिले आणि खेळ नंतर केला, त्यांना पाहताना तो उमगला नव्हता. करण्याने पाहणे उघडते, असा याचा अर्थ. दिवसभर दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या, किंवा ‘हात लावू नको, घाण आहे’ हे वाक्य ऐकतच वाढणाऱ्या मुलाबद्दल या प्रयोगातून काय निघते, ते प्रत्येक घराने आपापले ताडून पाहावे.

दीड वर्षाच्या मुलाची समज याहूनही पुढची असते. मेल्टझॉफ यांच्याच १९९५ च्या प्रयोगात मोठ्या माणसाने एक लहानसे खेळण्यातले डंबेल दोन्ही बाजूंनी ओढून वेगळे करण्याचा प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी त्याचा हात निसटत राहिला. वस्तू वेगळी झालेली मुलांनी एकदाही पाहिली नव्हती. तरीही त्यांच्या हाती ती दिली, तेव्हा बहुतेकांनी ती ओढून वेगळी केली. त्यांनी घसरण्याची नक्कल केली नाही, अर्धवट राहिलेले काम पुरे केले. पाहिले एक आणि केले दुसरे, पण जे केले ते समोरच्याच्या मनातले होते! याला जोडूनच २००६ सालचा फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा प्रयोग सांगावासा आहे. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडला आणि त्याचा हात तेथवर पोहोचेना, तर अठरा महिन्यांची मुले स्वतःहून जाऊन तो उचलून देत. कोणी मागितले नव्हते, बक्षीस नव्हते. मात्र त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला असेल, तर मुले सहसा जागची हलत नसत. चोवीसांपैकी बावीस मुलांनी निदान एका प्रसंगी तरी मदत केली. परोपकाराचे पाठ देण्याचे वय अजून यावयाचे असते, तेव्हाची ही गोष्ट आहे. हेतू ओळखता आल्याशिवाय मदत करता येत नाही, आणि हेतू ओळखणे पाहण्यातून आलेले असते.

एक प्रयोग जरा गमतीचा आहे. चौदा महिन्यांच्या मुलांसमोर एका बाईंनी टेबलावरचा दिवा कपाळ टेकवून लावला. हात मोकळे असताना त्यांनी असे केले, तर शंभरातील एकोणसत्तर मुलांनी पुढे तसेच कपाळ टेकविले. पण बाईंनी थंडी वाजत असल्याप्रमाणे अंगाभोवती शाल दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, तेव्हा कपाळ टेकविणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा एकवीसवर आले. बाकीच्यांनी सरळ हाताने दिवा लावला. जणू त्यांनी विचार केला, की बाईंचे हात अडकले होते, आपले कोठे अडकले आहेत? हंगेरीचे ग्यॉर्गी गेर्गेली आणि सहकारी यांचा हा २००२ चा प्रयोग. २०११ साली यावर आक्षेप घेण्यात आला, तोही मूळ प्रयोगातील एका संशोधकाच्या सहभागाने. कपाळ टेकविण्यासाठी मुलाला हातांनी टेबलाचा आधार घ्यावा लागतो, म्हणून ज्यांनी बाईंचे हात टेबलावर टेकलेले पाहिले, त्यांना ती कृती अंगात उतरविणे सोपे गेले, एवढेच कदाचित असेल. स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा तपासावयास घेणारा अभ्यासक अनुकरणीय आहे, हे जाता जाता नोंदविले पाहिजे.

तीन-चार वर्षांचे मूल मात्र काही वेळा कारण न विचारताच सगळे जसेच्या तसे उचलते. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी २००५ साली चिंपांझी आणि मुले यांना एकच पेटी उघडून दाखविली. त्यांत काही कृती अनावश्यक होत्या. पेटी पारदर्शक असताना चिंपांझींनी त्या बहुधा गाळल्या, माणसाच्या मुलांनी मात्र त्या बहुधा तशाच केल्या. प्रथम वाटते, की यात माकड शहाणे ठरले. पण माणसाचे बरेचसे जगणे ज्या रीतींवर उभे आहे, त्यांचे कारण पाहून कळत नाही. देरासरात जाताना पायरीला हात लावून कपाळी नेणारे तीन वर्षांचे मूल, किंवा आजी सामायिकाला बसली की शेजारी आपलेही लहानसे आसन पसरणारी नात, यांना कोणी विधी शिकविलेला नसतो. मणी मोजता येत नसले तरी बोट माळेवरून सरकविण्याची लय त्यांनी उचललेली असते. अर्थ पुढे केव्हातरी समजेल, या भरवशावर कृती आधी घेतली जाते. याची दुसरी बाजूही आहे. नोकराशी बोलताना घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज कसा बदलतो, तेही याच भरवशावर उचलले जाते.

आता पुन्हा पाड्यावर येऊ. आतापर्यंत सांगितलेले बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेतील आहेत, प्रयोगशाळेतील आहेत, आणि त्यांत एका मुलासमोर एक मोठा माणूस मुद्दाम काही करून दाखवितो. जगातील पुष्कळशी मुले अशी वाढत नाहीत. बार्बरा रोगोफ, जयंती मिस्त्री आणि सहकारी यांनी १९९३ साली चार ठिकाणच्या एक ते दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत अमेरिकेतील आणि तुर्कस्तानातील प्रत्येकी एक शहर होते, ग्वाटेमालातील माया लोकांची एक वस्ती होती आणि भारतातील ढोल-की-पट्टी हे आदिवासी खेडे होते. शहरी घरांतून आई-वडील मुलासाठी खास धडा रचीत, बोलून समजावीत, शाबासकी देत. माया वस्तीत आणि भारतीय खेड्यात मोठी माणसे आपापल्या कामात असत आणि मूल त्या कामाच्या काठावर असे. पण या मुलांचे अवधान निराळ्या प्रतीचे होते. एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे, एकही न सोडता, ती लक्ष ठेवीत. पुढे २००९ साली रोगोफ आणि मारिसेला कोर्रेआ-चावेझ यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. भावंडाला खेळणे करावयास शिकविले जात असताना, स्वतःस कोणी शिकवीत नसतानाही, पारंपरिक माया घरांतील मुले बाजूस बसून अधिक टक लावून पाहत, आणि आठवड्यानंतर तेच खेळणे करताना त्यांना मदत कमी लागे.

डहाणू-तलासरीतील शिक्षकांना यात ओळखीचे काही दिसेल. पहिलीच्या वर्गात बसलेले वारली मूल प्रश्नाचे उत्तर देत नाही. घरची बोली वारली, वर्गाची भाषा पुस्तकी मराठी, हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण असे, की ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे तो माणूस तोच प्रश्न विचारतो, हा प्रकार त्या मुलाने घरी कधी पाहिलेला नसतो. घरी त्याने पाहिले आहे आणि मग केले आहे. अशा मुलाच्या नावापुढे ‘मंद’ किंवा ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो, तेव्हा जे त्याच्याजवळ सर्वांत अधिक आहे, तेच नाही असे लिहिले जाते. हा शेरा मग वर्षानुवर्षे त्या मुलाबरोबर चालतो.

कोसबाडच्या टेकडीवर ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली होती. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि मादाम मॉन्टेसरी यांची शिक्षणपद्धती गुजराती-मराठी घरांपर्यंत पोहोचविण्यात या दोघांचा वाटा फार मोठा. पण मॉन्टेसरींची महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची? १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्या कामात आल्या. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या या बाईंनी आपले उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांना दिले. बोर्डीत प्रथम असे झाले, की वस्तीतील मुले केंद्रावर येईनात. तेव्हा ताराबाई व अनुताईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. झाडाखाली, घरापुढे, जेथे आई निवडीत-पाखडीत बसली आहे, तेथेच शंख-शिंपले, गोटे, पाने, माती यांची साधने मांडली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले. आज ते भारतभर उच्चारले जाते आणि ते डहाणू तालुक्यातून गेले हे तालुक्यातीलच अनेकांना ठाऊक नसते.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडला आले आणि तेथे विकासवाडीचा प्रयोग झाला. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत याचा शोध घेता असे दिसले, की धाकटे भावंड सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. मुलीने भावंडाला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. हेतू मुलीच्या शिक्षणाचा होता. पण एका छपराखाली ही तिन्ही वये आल्याने लाभ पाळण्यातल्यालाही झाला असला पाहिजे, कारण त्याच्या नजरेच्या टप्प्यात दिवसभर काहीतरी करणारी, त्याच्याहून थोडीच मोठी मुले आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही याच काळातली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

वारली चित्रे हेही पाहून शिकण्याचेच उदाहरण आहे. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या सुवासिनी कोणत्या चित्रशाळेत गेल्या नव्हत्या. तांदळाचे पीठ कालविणारा हात, गेरूने सारवलेली भिंत आणि काडीची ठेवण त्यांनी आई-आजीशेजारी बसून लहानपणापासून पाहिली होती. पुरुषांनी हे काम करावयाचे नसते, असा प्रघात असताना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला हाती घेतली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या चित्रांतली माणसे म्हणजे दोन त्रिकोण आणि चार रेघा. चेहरा नाही, डोळे नाहीत. तरीही कोण कांडते आहे, कोण जाळे टाकते आहे, कोण तारप्याभोवती फेर धरून नाचते आहे, हे पाहणाऱ्यास तत्काळ कळते. कृती ओळखण्यास चेहरा लागत नाही, अंगाची ठेवण पुरते. कदाचित लहान मूलही माणसे अशीच वाचत असावे.

घरोघरच्या परिस्थितीविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली मोबाईलविषयी. जेवण भरविताना हाती फोन देण्याची रीत बंगल्यात आहे आणि पाड्यावरही पोहोचली आहे. ‘वर्षाचा आहे, पण स्वतः व्हिडिओ बदलतो’ असे कौतुकाने सांगितले जाते. त्यात मुलाची हुशारी आहेच, पण ती फोनने दिलेली नाही. आईबापांचा अंगठा दिवसभर पाहून ती आलेली आहे. पडद्यावर पाहिलेली कृती साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंतची मुले प्रत्यक्ष पाहिलेल्या कृतीपेक्षा कमी शिकतात, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पडद्यावरचा हात मुलाच्या घासापाशी येत नाही, मुलाने त्याच्याकडे पाहिले तर तो उलट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच असे सांगितले, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ साली दोन वर्षांचीच मर्यादा सांगितली. दूरच्या आजी-आजोबांशी फोनवर होणारी समोरासमोरची भेट तेवढी त्यांनी वगळली आहे. तीत समोरचे माणूस उत्तर देते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. साधारण नऊ ते बारा महिन्यांत मूल दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेऊ लागते आणि वर्षाच्या आसपास बोट दाखवू लागते. दीड वर्ष उलटूनही ते बोट दाखवीत नसेल, नावाने हाक मारता वळत नसेल, घरातील माणसे काय करतात याकडे त्याचे लक्षच जात नसेल, तर ‘त्याचे वडीलही उशिरा बोलले होते’ असे म्हणून दोन वर्षे घालवू नयेत. ऐकू न येणे हेही त्याचे कारण असू शकते, आणि ते लवकर कळले तर पुष्कळ काही करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला होता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते, अंगणवाडीत पथक येते. समाजातील सुस्थित घरांना खासगी डॉक्टर परवडतो. त्यांच्या घरी आणि वाडीत काम करणाऱ्या बाईला या पथकाचा दिवस कोणता, हे सांगणारे कोणी असावे लागते.

वाडीचा उल्लेख आला तेव्हा एक शेवटची बाब. चिकूच्या बागांत, भाताच्या लावणीत, गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांवर कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ही मुले बरोबर नेतात. मालकाच्या सोयीने त्यांची झोळी बहुधा दूर, कामाच्या आड येणार नाही अशा कोपऱ्यात बांधली जाते, आणि मूल दिवसभर पानांकडे पाहत पडून राहते. ऊन, वाहने आणि औषधाची फवारणी यांपासून ते दूरच हवे, यात शंका नाही. परंतु फळे निवडून पेट्या भरण्याचे काम जेथे सावलीत बसून चालते, तेथे झोळी चार हातांवर बांधण्यास काही खर्च येत नाही. झोळीचे तोंड कामाच्या बाजूला असले, की मुलाला आईचे हात दिसतात.